चाकवत

फॉर्ममध्ये एक रकाना होता : शेतीचा अनुभव.
मी लिहिलं, खिडकीतली मिरची. चार वर्षं,
तीन फळं.
त्याखालचा रकाना : का यावंसं वाटतं?
तो कोरा ठेवला.
स्विंडनच्या ऑफिसात मी लोकांचे पगार मोजते,
कोरा रकाना दिसला की बोटं शिवशिवतात.
तरी ठेवला.

एलुनेदचं उत्तर दोन ओळींचं :
जूनमध्ये ये. बूट आण,
छत्री नको, वारा मोडून टाकतो.

ठरलं होतं ते असं : दिवसाला पाच तास काम,
बदल्यात झोपायला गोठ्यामागची कॅरव्हॅन,
तीन वेळचं जेवण, पैशाचं नाव नाही.
पहिल्या रात्री सवयीनं ताळा करायला बसले.
पाच तास, वजा सूप, वजा अंडी,
वजा समोरचा डोंगर.
डोंगर कुठल्या खात्यावर टाकायचा कळेना,
तशीच झोपले.

उजेड रात्री दहापर्यंत. त्यानंतर गोगलगायी.
बिनशंखाच्या, काळ्या, बोटाएवढ्या.
बिल्बाओचा इकेर बॅटरी धरायचा,
मी सॅलडच्या पानांवरून वेचून बादलीत टाकायची.
गोगलगाय न पोटात पाय,
मी त्याला मराठीतून सांगितलं, मग इंग्रजीतून,
मग हातवाऱ्यांनी.
तो म्हणाला, पण तिचा पाय खरंच पोटालाच असतो.
खरंच की.
एवढी वर्षं मी ती म्हण माणसांवर खर्चली.

चौथ्या दिवशी गाजराचे वाफे.
शेपूसारखी पानं दिसतील ती ठेवायची,
बाकी सगळं ढिगावर.
गुडघ्यांखाली पोतं, पाठीवर घटकाभर ऊन,
घटकाभर भुरभुर.
एक ओळ झाली, दीड झाली,
आणि हातात आलं एक पान,
बदकाच्या पावलासारखं,
शेंड्याला पीठ भुरभुरलेलं.
हातानं आधी ओळखलं, मी नंतर.

हे? एलुनेद म्हणाली, याला जाड कोंबडी म्हणतात.
तण आहे. टाक.
जाड कोंबडी!
अगं, याच्या जुड्या विकत घेते माझी आई,
भाव पाडून,
वर कोथिंबिरीच्या चार काड्या मागून.

इथे मला एक उपमा सुचू लागली होती,
परकी माती, कुणाचं तण, कुणाची भाजी, वगैरे.
ती मुळासकट उपटली
आणि खऱ्या कोंबड्यांपुढे टाकली.
चाकवत तेवढा बादलीत ठेवला.

बेसन होतं, आपण नेतोच.
हिंग गोळ्यांच्या डबीत.
दही तिच्याच शेळ्यांचं, घुसळून ताक केलं.
शेंगदाण्यांच्या जागी इद्रिसच्या बरणीतले हेझलनट.
फोडणी तडतडली, तसा छताचा धुराचा भोंगा
दरीपलीकडे ऐकू जाईल असा बोंबलला,
इद्रिस टॉवेल फडकवत स्टुलावर.
इकेरनं तीन वाट्या खाल्ल्या.
एलुनेद काही बोलली नाही.
पातेल्याच्या कडा पावानं पुसून घेतल्या.

सकाळी म्हणाली, उरलेल्या ओळी राहू देत.
आणि एका काठीवर नाव लिहायला बसली,
तिच्या वेल्श अक्षरांत, मला पुन्हा पुन्हा म्हणायला लावून.
नुसत्या च साठी तिला तीन अक्षरं लागली.

तीन आठवड्यांत कुणी विचारलं नाही, का आलीस.
एकदा धारेच्या वेळी मीच सांगायला लागले होते,
शेळीनं लाथ मारली, दूध लवंडलं,
आम्ही दोघी पुसत बसलो,
राहिलं ते राहिलंच.

निघताना तिनं ओल्या वर्तमानपत्रात
एक जुडी गुंडाळून दिली.
श्रूजबरीला गाडी बदलायची होती, गाडी उशिरा,
पानं माना टाकायला लागलेली.
बाकावर बसून बाटलीचं झाकण काढलं
आणि मंडईतल्या बाईसारखं, बोटांनी,
पाणी शिंपडलं.
शेजारचा माणूस जरा सरकून बसला.
पुन्हा शिंपडलं.